पुनश्च हरिओम, पण आधी कपाळ पुढे करा

साथ ओसरली की माणसांना ऑफिसात परत आणायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. पुढच्या खेपेला ते तुमच्या गळ्यात पडणार. आम्ही मुंबईत एकदा हे करून बसलोय, तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐकून ठेवा.

आधी नाव चांगलं शोधा. जून 2020 मध्ये राज्य सरकारने 'पुनश्च हरिओम' म्हटलं. तुरुंगातून सुटून आल्यावर टिळकांनी 'केसरी'त हाच मथळा दिला होता, आणि त्या तुरुंगवासाच्या मागेही प्लेगची साथ होतीच. एवढा वारसा पाठीशी असताना मेलचा विषय नुसता 'ऑफिस सुरू होत आहे' कसा चालेल? 'आपलं कुटुंब पुन्हा एकत्र' असं लिहा. कुटुंबात पगारकपातीबद्दल कुणी बोलत नाही.

8 जूनपासून खाजगी ऑफिसांना दहा टक्के किंवा दहा माणसं, यातला मोठा आकडा असेल तेवढी बोलवायची मुभा होती. दहा कोण, यावर डोकं शिणवू नका. ज्यांना घरी लॅपटॉप दिलेला नाही ते दहा. म्हणजे शिपाई, पँट्रीतले काका, झाडलोट करणाऱ्या मावशी. लोकल बंद, त्यामुळे मावशी नालासोपाऱ्याहून एसटीच्या रांगेत तासन् तास उभ्या राहून, गच्च भरलेल्या बसने येतील आणि तुमच्या खुर्च्यांमध्ये सहा फुटांचं अंतर आहे ना, हे टेपने मोजून देतील.

आता दारावरची बंदूक. थर्मामीटरची. ती वॉचमनच्या हातात द्या आणि वॉचमनला बरोबर एसीच्या झोताखाली उभा करा. आमच्याकडे माझं तापमान 88.4 भरायचं. शरीर 95 अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की डॉक्टर धावाधाव करतात. आमचा वॉचमन 'ओके सर' म्हणायचा. मग तो आकडा रजिस्टरात लिहायचा. रजिस्टरला सुतळीने बांधलेलं एक बॉलपेन. आधी हाताला सॅनिटायझर, मग ते पेन. सकाळपासून अख्ख्या मजल्याने धरलेलं. पेनाच्या टोपणावर कुणाच्या तरी दातांच्या खुणाही होत्या, त्या साथीच्या आधीच्या असाव्यात असं मी मानत आलोय. हे रजिस्टर जपून ठेवा. नंतर ते कुणी उघडत नाही, पण कपाटात दिसायला भारदस्त दिसतं.

रोज सकाळी फॉर्मही भरून घ्या. ताप आहे का, खोकला आहे का, घरात कुणी आजारी आहे का. एका ठिकाणी जरी 'हो' आलं तरी त्या माणसाला दारातूनच परत पाठवायचं आणि त्याचा दिवस बिनपगारी धरायचा. या एका नियमाने आमच्या ऑफिसातला ताप मुळासकट गेला. पावसाळ्याचे चार महिने कुणाला साधा खोकला म्हणून नाही! शेवटच्या रांगेतले एक गृहस्थ तेवढे दिवसभर 'ठसका लागला' म्हणत पाणी पीत.

हवेच्या भानगडीत मात्र पडू नका. मे 2021 मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सांगून टाकलं की बारीक तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, तेव्हा खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. सांगायला त्यांचं काय जातं? तुमची बिल्डिंग काचेची. खिडकी उघडली की एसीचं बिल वाढतं आणि बिल दर महिन्याला येतं. त्यापेक्षा फवारणीवाला बोलवा. पाठीवर टाकी, अंगात पांढरा झगा, ऑफिसभर क्लोरीनचा वास. फोटो असा येतो की क्लायंटला पाठवावा.

आणि वेळ पाळायला शिकवा. 1 फेब्रुवारी 2021 ला लोकल सगळ्यांना खुली झाली: सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार, रात्री नऊनंतर. आपलं ऑफिस दहा ते सहा. यात अडचण कुठे आहे? साडेसहाची गाडी पकडा, रात्री नऊनंतरची धरा, मधले तास कंपनीचे. ऑगस्टात दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना पास मिळू लागले, तर आमच्यातल्या काहींना लवकर घरी जायची सवयच लागली.

2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, सगळे निर्बंध उठले. त्याच्या पुढच्या आठवड्यात टाउनहॉल, म्हणजे अख्ख्या ऑफिसची एकत्र बैठक, घ्या. आमचा मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये झाला. दार लावलेलं, सत्तर माणसं खांद्याला खांदा लावून, समोर पडद्यावर साहेब. समोरासमोर बसून काम करण्याला पर्याय नाही, असं ते कळकळीने सांगत होते. मागे अलिबागच्या बंगल्यातली नारळाची झाडं हलत होती. आमच्यातल्या एकाने विचारलं, खोलीची खिडकी जरा उघडता येईल का? साहेबांनी ताबडतोब होकार दिला. तिचं हँडल 2018 मध्येच काढून ॲडमिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, असं कुणीतरी म्हणालं. ड्रॉवरची किल्ली ॲडमिन हेडकडे असते. तेही कॉलवरच होते, पुण्याहून.