लाखाची पोत

तोळ्याने लाख ओलांडला तेव्हाच मी ठरवलं होतं, सोनं फक्त पेपरातल्या भावात बघायचं. पण बहिणीच्या लग्नात बायकोला गळ्यात 'काहीतरी लेटेस्ट' हवं होतं, आणि आजीने कधी नव्हे ते स्वतःची पोत मोडायला काढली. स्वतःही निघाली. अमळनेर ते जळगाव, पोत पदराच्या गाठीत आणि गाठ मुठीत.

सराफ बाजारातल्या दुकानात न मागता चहा आला. तेव्हाच उठायला हवं होतं.

"आजी, किती आहे?"

"सव्वादोन तोळा. जुना तोळा, बारा मासे वजनाचा."

काट्यावर २६.१८० ग्रॅम भरली. "आता तोळा दहा ग्रॅमचा. म्हणजे अडीच तोळ्यांच्या वर, आजी!" बसल्या जागी सोनं वाढल्याने आजी खूश झाली. त्या दिवसातली तेवढीच खुशी.

पोत वितळवायला आत गेली आणि बाहेर एक बटणाएवढी गोळी आली. १९ ग्रॅम! आजीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आत जाऊन खाऊन आलो.

"मण्यांत लाख भरलेली असते ना. ती जळते," सेल्समन नरमाईने म्हणाला. साठ वर्षं गल्लीत लाखाची पोत म्हणून मिरवलेली, ती लाखेची निघाली. वर मशीन म्हणालं, वीस कॅरेट. बावीसच्या हिशेबात सतराच ग्रॅम उरले.

"मनी मायनी पोत शे ती, भंगार नई," आजी म्हणाली. सेल्समनने दुसरा चहा मागवला.

मग डिझाइन. संगणकासमोरचा मुलगा पडद्यावर हार असा गरगर फिरवत होता की मलाच भोवळ आली. अठरा ग्रॅमचं तीस ग्रॅमसारखं दिसलं पाहिजे, ही त्याची कला. बायकोला ती पटली. मला बिल दिसलं. वरचा एक ग्रॅम, सगळ्या हारावर चौदा टक्के घडणावळ, त्यावर तीन टक्के जीएसटी. पोत घडवणाऱ्या सोनाराची घडणावळ मात्र मोडीत कोणी धरत नाही.

आजीने भिंग मागून घेतलं. हॉलमार्कच्या खुणेशेजारी सहा अक्षरं-आकडे. "हाई काय शे?"

"एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा. दागिन्याचं आधार कार्डच समजा."

"मंग मनं नाव टाक ना तठे!"

परतीच्या गाडीत बायकोने हार दाखवला. आजीने एक मणी चिमटीत धरला, दाबला. मणी किंचित चेपला. बायको किंचाळली.

"मझार काय शे?"

"काही नाही, आजी. पोकळ आहे."

आजी धरणगाव येईपर्यंत खिडकीबाहेरची कपाशी बघत राहिली. मग म्हणाली, "मंग लाखच बरी व्हती."