ऑक्टोबरात कोच काढू नये

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. मी आणि आई चकल्या पाडत बसलो होतो. माझ्या हातात सोऱ्या, कोपरापर्यंत पीठ, आणि बाजूला फोन नुसता टुणटुण करत होता. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावातल्या आमच्या जुन्या रूममेट्सचा ग्रुप एरवी वाढदिवसापुरता जागा होतो, त्यामुळे कुणाचं काही बरंवाईट झालं की काय असं वाटून पिठाच्याच हाताने फोन उघडला. "काढला रे एकदाचा!!" आणि खाली फटाक्यांची माळ.

काढला तो जेम्स फ्रँकलिनला. पेन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा बारा सीझन टिकलेला कोच. १०४ विजय, ४५ पराभव. तारीख १२ ऑक्टोबर २०२५. आदल्याच दिवशी टीम घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१ अशी एका पॉइंटने हरली होती आणि प्रेक्षक "फायर फ्रँकलिन"चा घोष करत होते.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टेट कॉलेज या गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास आणि तिथल्या बीव्हर स्टेडियमची क्षमता एक लाख सहा हजारांच्या वर. खेळणारी पोरं कॉलेजची. कोचचा पगार मात्र वर्षाला ऐंशी लाख डॉलरच्या पुढे. मॅचच्या शनिवारी आम्हाला किराणा आणायला जायचं तरी वेळ बघून निघावं लागायचं.

मी तिथे एम.एस. करत होते तेव्हाचा, २०१६ चा ऑक्टोबर मला लख्ख आठवतो. म्हणूनच तो मेसेज बघून मला आनंद झाला नाही. त्या वर्षी टीम पहिल्या चारपैकी दोन मॅच हरलेली. मिशिगनने तर ४९-१० असं धुतलं होतं. पुढची मॅच १ ऑक्टोबरला, मिनेसोटाशी. रूममेटच्या तिकिटावर मी गेले, आयुष्यातली पहिली मॅच. विद्यार्थ्यांच्या भागात कुणी बसत नाही, सगळे बाकांवर उभे. हाफटाइमला आपण १३-३ ने मागे, आणि टीम आत जायला लागली तशी लोकांनी हुर्यो उडवली. माझ्या शेजारचा मुलगा तर घसा फुटेस्तोवर. खेळातलं मला ओ का ठो कळत नव्हतं, तरी "हा कोच याच आठवड्यात जाणार" एवढं त्याने मला खात्रीने सांगितलं होतं.

ती मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली. सॅक्वॉन बार्कली पंचवीस यार्ड पळाला, आपण २९-२६ ने जिंकलो, आणि मघाचा तो मुलगा माझ्या गळ्यात पडून रडायला लागला.

कोच गेला नाही. तेव्हाच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या खेळविभागाच्या प्रमुख, सँडी बार्बर त्याच्या मागे जाहीरपणे उभ्या राहिल्या. पुढे तीन आठवड्यांनी ओहायो स्टेट आली, देशात दुसऱ्या नंबरची टीम. शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा आपण २१-७ ने मागे. अखेरची चार-साडेचार मिनिटं उरली असताना त्यांनी लाथेने बॉल खांबांमधून घालवायचा प्रयत्न केला, मार्कस अ‍ॅलनने उंच उडी मारून तो हाताने अडवला, ग्रँट हेलीने उचलला आणि साठ यार्ड पळत नेला. २४-२१. पायाखालचे अ‍ॅल्युमिनियमचे बाक थरथरत होते, ते मला अजून तळव्यांत जाणवतं. त्या वर्षी पेन स्टेट बिग टेन कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या विद्यापीठ-गटाची, विजेती ठरली. १ ऑक्टोबरच्या हाफटाइमला मतदान घेतलं असतं तर हे काहीच झालं नसतं.

आता कुणी म्हणेल, २०१६ चा फ्रँकलिन वेगळा, २०२५ चा वेगळा. बरोबर आहे. देशातल्या पहिल्या दहातल्या टीमसमोर त्याचा हिशोब ४ विजय आणि २१ पराभव असा होता. बारा वर्षं तेच बघून लोक कंटाळले. २०२५ ला तर टीम दुसऱ्या नंबरवरून सुरू झाली, आणि ओरेगॉनशी दोन एक्स्ट्रा टाइम खेळून हरल्यावर पुढच्याच शनिवारी एकही मॅच न जिंकलेल्या यूसीएलएकडून (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) ४२-३७ असा मार खाल्ला. कंटाळा मला मान्य आहे. त्याला काढूच नये असंही माझं म्हणणं नाही. पण काढायचं तर नोव्हेंबर संपल्यावर, सीझनच्या मॅच आटोपल्या की काढा.

(त्या यूसीएलएनेही महिनाभर आधीच आपला कोच काढला होता. मग लागोपाठ तीन मॅच जिंकल्या आणि सगळीकडे "बघा, कोच काढला की टीम कशी पेटून उठते" सुरू झालं. सीझन संपला तेव्हा त्यांचे तीनच विजय होते, पराभव नऊ.)

पैशाचं रडगाणं मी गाणार नाही. मुदतीआधी काढल्याबद्दल करारानुसार फ्रँकलिनला द्यायची रक्कम पाच कोटी डॉलरच्या घरात होती. नोव्हेंबरात व्हर्जिनिया टेकने त्याला नेमलं तेव्हा ती नव्वद लाखांवर आली. सुटले तिथे.

खरा तोटा वेगळाच. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण गरजवंत आहोत हे निदान गावभर सांगत फिरू नये. पेन स्टेटने ऑक्टोबरातच दवंडी पिटली की आम्हाला कोच हवाय आणि आमच्याकडे पैसा आहे. चार दिवसांत इंडियानाने आपल्या कोचचा, कर्ट सिग्नेटीचा, करार नवा केला. महिना संपायच्या आत नेब्रास्काने त्यांच्या मॅट रूलचा वाढवला, आणि हा रूल पेन स्टेटचाच जुना खेळाडू. डिसेंबरात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या (बीवायू) कोचचं, कलानी सिटाकेचं, नाव जवळजवळ पक्कं धरलं जात होतं, तोही आपल्या जागी राहिला. शेवटी आयोवा स्टेटचा कोच मॅट कॅम्पबेल ५ डिसेंबरला आला. म्हणजे घाईने काढून सुमारे आठ आठवडे घर रिकामं.

आणि त्या रिकाम्या आठवड्यांतच नवीन मुलांच्या सह्यांचा दिवस येऊन गेला. बारावीतली ही पोरं दोन-दोन वर्षं आधी शब्द देतात, तो विद्यापीठाला कमी आणि कोचला जास्त. घरी येऊन आईबापांशी बोलून गेलेला तोच असतो. ३ डिसेंबरला पेन स्टेटसाठी किती जणांनी सह्या केल्या? दोन. बाकीच्यांतले बरेच फ्रँकलिनच्या मागोमाग व्हर्जिनिया टेकला गेले. कॅम्पबेलने येताना आयोवा स्टेटची पोरं आणून खड्डा भरला, म्हणजे खड्डा फक्त आयोवा स्टेटला सरकला.

हंगामी कोच टेरी स्मिथबद्दल मात्र वाईट वाटतं. तोही इथेच खेळलेला. आयोवाशी (हे आयोवा स्टेटहून वेगळं विद्यापीठ) एका पॉइंटने हरला, पुढे अपराजित इंडियानाशी अगदी शेवटच्या क्षणी. नेब्रास्काला हरवलं तेव्हा त्यालाच कायम करा असे फलक धरून मंडळी उभी होती. कायम केलं नाहीच.

याहून लांबचा हिशोब बघायचा तर विस्कॉन्सिन. पॉल क्रिस्ट, ६७ विजय, २६ पराभव, २ ऑक्टोबर २०२२ ला काढला. ल्यूक फिकेल आला तेव्हा काय टाळ्या पडल्या! त्यानंतरचे सीझन, विजय-पराभव असे: ७-६, ५-७, ४-८. सलग बावीस वर्षं सीझनअखेरची, बऱ्या टीमनाच मिळणारी बोल मॅच खेळणारी टीम घरी बसली.

उलट उदाहरण आहे, लपवत नाही. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने (एलएसयू) २०१६ च्या सप्टेंबरात कोच लेस माइल्सला काढलं, ११४ विजयांचा माणूस. हंगामी म्हणून बसवलेल्या एड ऑर्जेरॉनने २०१९ ला एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेतेपद आणलं. पण त्यालाही त्यानंतर दोनच वर्षांत नारळ मिळाला. आणि थांबल्याचंही उदाहरण आहे: २०२४ च्या नोव्हेंबरअखेर ओहायो स्टेट मिशिगनकडून १३-१० ने हरली तेव्हा त्यांच्या कोचला, रायन डेला, हाकला म्हणून केवढा गदारोळ झाला होता. हाकला नाही. जानेवारीत तो राष्ट्रीय विजेता होता.

आमच्या ग्रुपवर फटाके उडवणाऱ्याला हे सगळं मी त्याच रात्री लिहिणार होते, पण चकल्या तेलात होत्या. नंतर जखमी ड्रू अ‍ॅलरच्या जागी खेळलेला आपला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा, ग्रुन्केमायर फ्रँकलिनकडे व्हर्जिनिया टेकला निघाल्याचं कळलं. ती लिंक तेवढी टाकली. दोन निळ्या टिक आल्या. मग बऱ्याच वेळाने त्याचा मेसेज: "यावर्षी पुण्यात थंडी कितपत आहे?"