दीडशे रुपये रोज

रविवारी दुपारी भोरजवळच्या एका बांधावर बसलेल्या आजींनी माझी किंमत दीडशे रुपये ठरवली. तीही ‘जेवून’. आज बुधवार. अंगठ्यावरचा विळ्याचा फोड बसला, पण ते ‘जेवून’ अजून सलतंय.

वास्तविक मी तिथे ४,२०० रुपये भरून गेलो होतो. रिजनरेटिव्ह, म्हणजे मातीचा कस परत आणणाऱ्या शेतीचं दोन दिवसांचं निवासी शिबिर. मालक माझ्यासारखेच आयटीतले. फरक इतकाच की त्यांनी दोन एकर घेतले आणि मी दोन बीएचके. त्यांची शिकवण अशी: नांगरलं की जमिनीतला कर्ब (कार्बन) उडून जातो, जमीन उघडी ठेवायची नाही, आणि तण उपटायचं तर मुळीच नाही. जमिनीलगत कापायचं, मुळं आत कुजू द्यायची, पाला वाफ्यावरच पसरायचा. यात खोटं काही नाही हो. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी भातात हेच करून दाखवलंय: गादीवाफे (उंच वाफे), ना नांगरट ना चिखलणी, कापणीनंतर मुळं जागच्या जागी. (ते तणनाशक वापरू देतात. आमच्या मालकांसमोर तो शब्द काढला तर चहा मिळत नाही.)

तर मी वाफ्यात उकिडवा, तण कापत.

“पावनं, कुटलं?”

“पुण्याचा.”

“कामावनं काढलं व्हय?”

नाही म्हटलं, तर त्यांनी ‘सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ दे’ अशी मान हलवली.

“कापून परत हितंच टाकतायसा?”

“आच्छादन आहे, आजी. ओल टिकते.”

आजी बांधावरून खाली सरकल्या आणि पाल्यातून एक जुडी उचलली. “आवं, ही कुर्डू हाय! कवळी! लसूण-मिरची घालून चार मानसं जेवली आसती.” पहिल्या वाफ्यावर मी एका घराचा स्वयंपाक अंथरून ठेवला होता.

मग त्यांना निळ्या पिंपाचा वास आला. मी आदल्या दिवशीचा धडा उत्साहाने म्हणून दाखवला: जीवामृत, २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती.

“गूळ आन बेसन? खातंय कोन?”

“जिवाणू. मातीत बारीक जीव असतात.”

“मग तूप बी लागत आसंल त्यास्नी.”

“तूप नाही. शेण मात्र देशी गाईचंच.”

“म्हशीचं?”

“चालत नाही.”

आजींनी चंची मिटली. “का? माझ्या म्हशीनं कुनाचं घोडं मारलंय?”

ही पद्धत सांगणाऱ्या सुभाष पाळेकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, हेही मी सांगून पाहिलं. आजींच्या चेहऱ्यावरून म्हशीचा अपमान काही उतरला नाही. “ह्यो पाला तिला घाला,” त्या म्हणाल्या. “दूध माझं, श्यान तुमच्या रानाला. तुमचं गवात तुमास्नी माघारी.” दोन दिवसांत इतकं सोपं चक्र मला कुणी समजावलं नव्हतं.

“देत्यात किती तुमास्नी?”

मीच दिलेत, म्हणालो. आकडाही सांगितला. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मयताच्या घरी बघतात तसं बघितलं. तिथून मी ‘पावनं’ राहिलो नाही.

“उद्या माझ्याकडं ये भांगलायला. दीडशे देते. जेवून.”

“बायकांना किती देता?”

“तीनशे. गड्याला पाचशे.”

“आणि मला दीडशे?”

“आरं, बाई दिसात चार वाफं काढती. तू सकाळधरनं दीड काढलास!”

मुद्दा चोख होता, म्हणूनच झोंबला. पण चार वाफे काढणाऱ्या बाईला गड्यापेक्षा दोनशे कमी का, हे विचारायचं मला तिथे सुचलं नाही. सुचलं परतीच्या एसटीत. शिबिरात मालकांनी गांडुळांची ओळख करून दिली, बुरशीची करून दिली. सोमवार ते शुक्रवार तिथं वाकणाऱ्या दोन बायांची नाही. शनिवार-रविवार त्यांना खाडा, कारण तेच काम आम्ही पैसे भरून करतो. वाईट करतो. सोमवारी त्या ते निस्तरतात, तीनशेत. आमच्यामुळे बुडालेले दोन रोज त्यांना कोण देतं, देव जाणे.

असो. आजींनी दीड वाफ्याचा पाला गोळा केला, भारा बांधला आणि माझ्याच डोक्यावर दिला. गोठ्यापर्यंत नेला मी. कुर्डूची जुडी तेवढी त्यांनी ओच्यात ठेवून घेतली.

चारला मालक आले. वाफे उघडे. “इथला पाला?”

“कुजला असेल,” मी फोड चोळत म्हणालो.

ते गुडघ्यावर बसले. मूठभर माती उचलून हुंगली. डोळे पाणावले. “दोन तासांत! याला म्हणतात जिवंत माती!” सगळ्यांना हाका मारून वाफ्याभोवती उभं केलं आणि फोटो काढला. फोटोत मी मधोमध, हातात विळा. मागे, बांधापलीकडे, म्हैस रवंथ करताना दिसते.