८० डेसिबल नेमके कुठे मोजायचे?

पुण्यात नळस्टॉपच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी चहा चालू होता. कर्वे रस्त्यावरून पुंगळी, म्हणजे सायलेन्सरच्या आतला आवाज दाबणारा भाग, काढलेली एक बुलेट गेली आणि कडेला लावलेल्या मोटारीचा अलार्म वाजायला लागला. तिथून वाद पेटला. चौघांनाही विषयातलं कळतं, म्हणून तो लिहून काढतो आहे. मेस्त्री गॅरेज चालवतात, वकीलसाहेब मोटार वाहन कायद्याची कामं करतात, ताई सिंहगड-पानशेतच्या ग्रुप राइड लीड करतात आणि आमच्यातलाच एक बुलेटवाला बाहेरच्या, म्हणजे कंपनीच्या नसलेल्या सायलेन्सरची बाजू लावून धरत होता.

त्याचा मुद्दा ऐकायला बिनतोड होता. ‘कंपनीचा सायलेन्सर होता तेव्हाही नळीपाशी मोबाइल धरला की अ‍ॅप ९२ डेसिबल दाखवायचं. कायदा म्हणतो ८०. म्हणजे कंपनीचीच गाडी बेकायदा. मग बाहेरचा लावला तर एवढा गहजब कशाला?’

‘तो ८०चा आकडा नळीच्या तोंडाशी मोजलेला नाही,’ मेस्त्री म्हणाले. ‘गाडी पन्नासच्या वेगाने आणायची, ठरलेल्या रेषेवर थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, पूर्ण उघडायचा, पुढचं वीस मीटर अंतर तसंच कापायचं. माइक कुठे? गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटर बाजूला. तिथे जो भरतो तो आकडा. १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल, ८० ते १७५ सीसी ७७, त्याखाली ७५. २००५च्या एप्रिलपासूनचे हे आकडे आहेत, आणि ते गाडी विकायच्या आधी तपासले जातात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय तर आपल्याच वेताळ टेकडीवर आहे.’

‘म्हणजे माझे ९२ गेले कुठे?’

‘अंतरात गेले. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवरून साडेसात मीटर म्हणजे पंधरा पट. साडेतेवीस डेसिबल वजा कर. तुझे ९२ तिथे ६८-६९ भरतील. शिवाय मोबाइलचा माइक बोलणं टिपायला केलेला, त्याचं कॅलिब्रेशन कोणी केलंय?’

हा हिशेब मैदानातला, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. सदाशिव पेठेतल्या बोळात दोन्हीकडे भिंती असतात. आवाजाला पसरायला वाव नसतो, तो भिंतींवर आपटत पुढे जातो आणि सहा-सहाने उतरतच नाही. रुंद, मोकळ्या रस्त्यावर सुसह्य वाटणारी गाडी पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला झोपेतून उठवते ती त्यामुळे. आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, तेव्हा ‘आठ-दहानेच तर वाढलाय’ हे बोलणं फसवं आहे.

बुलेटवाला हटला नाही. ‘बरं, पण चौकातल्या हवालदाराकडे मीटर नसतो. मोजलंच नाही तर केस कशी?’

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. ‘सगळ्या कलमांना मीटर लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० क्रमांकाचा नियम सांगतो की प्रत्येक गाडीला एक्झॉस्टचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. धूर सायलेन्सरला वळसा घालून बाहेर सोडणारा कटआउट असेल तर कलम १९४ फ, पहिल्यांदा १,००० रुपये, पुढे २,०००. विनाकारण हॉर्न वाजवण्यालाही हेच कलम. परवानगी नसताना सुटा भाग बसवून गाडीत बदल केला तर १८२ अ, दर बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इथे डेसिबलचा प्रश्नच येत नाही, कंपनीने दिलेला भाग आहे की नाही एवढंच बघायचं. मीटरचा वाद १९०(२)मध्ये, म्हणजे आवाजाची मर्यादा मोडल्याच्या कलमात घालता येईल. पण तिथे दंड १०,०००पर्यंत, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वर तीन महिने लायसन्स जातं.’

‘दुकानदार म्हणतो हा लीगल आहे.’

‘विकायला ठेवलाय म्हणजे रस्त्यावर चालतो असं नाही. पावतीवर ‘ऑफ-रोड वापरासाठी’ छापलंय का बघ.’

ओळखायचं कसं, हे मेस्त्रींनी समोर उभ्या गाडीवरच दाखवलं. आधी अंगावर कोरलेला पार्ट नंबर शोधायचा. मग जाड तार नळीत घालायची. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आत कप्पे असतात, तार थोडी आत जाऊन पत्र्याला टक्कन लागते. पुंगळी काढलेल्यात किंवा सरळ नळीच्या सायलेन्सरमध्ये ती अडतच नाही. सरळ नळीवाल्यात जाळीभोवती काचेची लोकर भरलेली असते. ती हळूहळू जळून उडते, म्हणून बसवला तेव्हा सौम्य असलेला सायलेन्सर काही महिन्यांत कर्कश होतो.

‘पिकअप तर वाढतो ना?’

‘वरच्या आरपीएमला थोडा मिळेल. शहरात तू तिथे असतोस कधी? नळीची लांबी-जाडी इंजिनाला जुळवलेली असते, ती बिघडली की खालच्या आरपीएमची ओढ कमी होते. बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कधी बेंड पाइपमध्ये, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीत, कधी सायलेन्सरच्या पोटात असतो. दुसऱ्या प्रकारात सायलेन्सरबरोबर तोही गेला, मग पीयूसीला रडायचं. आणि ते फटाके! जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चालता चालता चावी बंद केली की इंजिन पेट्रोल ओढत राहतं, न जळता गरम नळीत ढकलतं, चावी लावली की तिथे भडका. इंजेक्शनच्या गाडीत चावीबरोबर पेट्रोलही बंद होतं, म्हणून नुसता स्पार्क तोडणारा खटका बसवतात. कन्व्हर्टरची जाळी त्या उष्णतेने वितळते, वाट तुंबते, आणि मग गिऱ्हाईक येतं, गाडी ओढत नाही म्हणून.’

‘आवाज असला की लोक बाजूला होतात, अपघात टळतो,’ हा त्याचा शेवटचा मुद्दा. तो ताईंनी घेतला. ‘नळीचं तोंड मागे असतं. धोका बहुतेक वेळा पुढून येतो, वळणाऱ्या मोटारीचा. त्या मोटारीच्या काचा बंद, एसी चालू, गाणी लावलेली. तिला तुझी गाडी जवळजवळ शेजारी आल्यावर ऐकू येणार, आणि घुमणारा आवाज कुठून येतोय तेही चटकन कळत नाही. पुढच्या गाडीच्या आरशात दिसशील अशा जागी गाडी ठेव, दिवा चालू ठेव, गरजेला हॉर्न आहे.’

मग त्यांनी राइडचे नियम सांगितले, ते मला या सगळ्या चर्चेत सर्वांत कामाचे वाटले. आवाज सायलेन्सरइतकाच उजव्या मनगटावर असतो. पहाटे पाचला डोणजे गावातून जाताना वरचा गिअर आणि अर्ध्याहून कमी थ्रॉटल, ओव्हरटेक गाव संपल्यावर. नियमाने रात्र १० ते ६, तेव्हा रहिवासी भागातल्या एकूण आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५०, रात्री ४०. जमायची जागा सोसायटीच्या दारात ठेवायची नाही, पेट्रोल पंपावर ठेवायची. इंजेक्शनच्या गाडीला उभ्या उभ्या रेस करून तापवावं लागत नाही. अर्धा मिनिट आयडल, मग पहिले दोन किलोमीटर हळू. पंधरा गाड्या एकदम सुरू करायच्या नाहीत. एकसारख्या दोन गाड्यांनी ३ डेसिबल वाढतात, सोळांनी १२.

‘आणि गंजून भोक पडलेल्या जुन्या स्कूटरी? त्यांना कोणी धरत नाही,’ बुलेटवाला म्हणाला. तक्रार रास्त होती, आणि मेस्त्रींनीही ती मान्य केली. भोक छोटं आणि पत्रा जाड असेल तर वेल्डिंग चालतं, नाहीतर सायलेन्सरच बदलावा. थ्रॉटल सोडल्यावर पटपट आवाज येत असेल तर आधी बेंड पाइपचा सांधा घट्ट ठेवणारं गॅस्केट बघायचं. तिथून हवा आत शिरते आणि उरलेलं पेट्रोल नळीत पेटतं. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर, नळी तापायच्या आत, सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडलं की गळतीच्या जागी बुडबुडे येतात, थंडपणी काजळीची काळी रेघही दिसते.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग बुलेटवाल्याने विचारलं, ‘जुना सायलेन्सर माळ्यावर पडलाय. परत बसवायला किती वेळ?’

‘तासाभराचं काम. पण आदल्या रात्री बेंड पाइपच्या नटांवर गंज सोडवायचं तेल मार. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तुटला तर तासाचा दिवस होतो. गॅस्केट नवीनच लागेल, जुनं एकदा दबलेलं परत धरत नाही. ऑक्सिजन सेन्सरची वायर आधी सोडवायची, पिळायची नाही. सगळे नट हाताने लावून घ्यायचे, मग आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. पाइपाची क्लॅम्प सगळ्यात शेवटी. आणि गाडी सकाळी लवकर आणून लाव, पूर्ण थंड झाल्याशिवाय मी हात घालत नाही.’