ॲप कुठलं चांगलं म्हणे!

आज सकाळी शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एका बापाचा मेसेज. "पोरांच्या मोबाइलवर घाण येऊ नये म्हणून कुठलं ॲप टाकावं? कृपया मार्गदर्शन करावे." खाली तीन वेळा हात जोडलेले. माझा मिसळीचा घास हातातच राहिला. कारण याच गृहस्थाने काल रात्री पावणेबाराला आमच्या पेठेतल्या मित्रांच्या ग्रुपवर काय टाकलं होतं ते मी बघितलंय. इथं लिहिण्यासारखं नाही. तुमच्यातले निम्मे त्या ग्रुपवर आहातच.

मार्गदर्शन पाहिजे व्हय? घ्या.

पावसाळ्यात माझ्या लेकीला शाळेच्या प्रकल्पासाठी पन्हाळ्याचा फोटो पाहिजे होता. चौथीत आहे. तीन दरवाजापाशी काढलेले फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. म्हटलं, घे, गॅलरीत बघ, आणि मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर ही वही घेऊन बसलेली, मोबाइल कुठं दिसेना. विचारलं तर नुसतं बोट दाखवलं. घडी घातलेल्या गोधडीखाली, पालथा घालून ठेवलेला. मला वाटलं चार्जिंग संपलं असेल. प्रकल्पात तीन दरवाजा तिनं स्केचपेननं काढला. "फोटो का नाही लावलास गं?" तर म्हणाली, "चित्रच छान दिसतंय." आणि मी तिला शाबासकी दिली!

पाच दिवसांनी तिनं आईला विचारलं, "बाबा तसले व्हिडिओ का ठेवतात?"

बाबा ठेवत नव्हते हो. ग्रुपवर आलेलं वायफायवर आपोआप उतरतं, आणि व्हॉट्सॲपची 'मीडिया व्हिजिबिलिटी' चालू असली की थेट गॅलरीत, पोरीच्या वाढदिवसाच्या फोटोंना खेटून जाऊन बसतं. मी तो व्हिडिओ उघडलासुद्धा नव्हता. सांगा आता हे चौथीतल्या पोरीला!

कुलपं लावूच नका असं म्हणत नाही मी. लावावीत. आमच्या घरी टॅबवर फॅमिली लिंक, म्हणजे पोरांच्या वापरावर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप आहे, नको ते व्हिडिओ गाळणारा यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोडही आहे. तो टॅबवर लावला म्हणून टीव्हीवर लागत नाही, तिथं वेगळा लावावा लागतो, हे कळायला मला महिना गेला. टॅब रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. पण ज्या मोबाइलनं घोळ केला तो माझा होता, आणि त्याला कुठलंच कुलूप नव्हतं. बापाच्या मोबाइलला कोण लावतंय?

आणि काय हो, पोरानं गेमसाठी हट्ट केला म्हणून जन्मसाल २००० टाकून अकाउंट कुणी काढून दिलं? आपणच की! मग ते पोरगं पंचविशीतलं समजून काय काय दाखवतात म्हणून कपाळाला हात लावायचा. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या पोरांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती पाहिजे असं आहे. आनंद आहे. संमती देणारा पालक कोण, तर पावणेबाराचे हे गृहस्थ.

थांबा, जास्तच तापलो.

खरं सांगायचं तर राग माझ्यावरच आहे. पाच दिवस पोर गप्प फिरत होती आणि मला दिसलं नाही. त्या ग्रुपवर असलं काही पडलं की मी कधी एक शब्द बोललो नाही. एकदा तर हसायची इमोजीही टाकलीय, खोटं कशाला बोलू. बाहेर का पडलो नाही? तर तो ग्रुप २०१९ च्या महापुरात काढलेला. बोट कुठं पाठवायची, दूध कुणाकडं संपलंय, कुणाच्या आईची गोळी आणायचीय, सगळं त्यावर चालायचं. हे गृहस्थही तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातनं दुधाच्या पिशव्या डोक्यावर घेऊन फिरलेत, ते मी विसरलेलो नाही. माणूस वाईट नाही. पण बाबा, तुझ्या मोबाइलमध्ये तुझं पोरगंही गेम खेळतंय की!

पूर ओसरल्यावर त्या ग्रुपवर हे कधी सुरू झालं, आठवत नाही.

तर आज दुपारी मी त्या ग्रुपमधनं बाहेर पडलो. दहा मिनिटांत त्याच गृहस्थाचा फोन, "काय भावा, रुसलास व्हय?" म्हटलं, रुसलो नाही, पोरगी मोठी व्हायल्या. पलीकडं जरा वेळ शांत. मग म्हणाला, "व्हय रं, माझी पण सहावीत हाय."

लेकीनं त्यानंतर माझा मोबाइल मागितलेला नाही. काही दाखवायचं असलं तर मलाच म्हणते, "बाबा, तुम्ही उघडून द्या."