कांदा दुबईला पाठवायचाय? बिनधास्त पाठवा

कांदा परदेशी पाठवायचं मनात असेल तर आता घाबरायचं कारण नाही. सगळं सोपं झालंय. सीमेवरची कागदांची कटकट कमी करायची, असं जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत २०१३ मध्ये बालीला ठरलं. २०१६ मध्ये आपण मान्यता दिली, २०१७ मध्ये करार लागू झाला. म्हणजे तुमच्या कांद्यामागे अख्खं जग उभं आहे.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर, घरबसल्या मिळतो. मिळाला की लगेच पेढे वाटा, पुढे तशी वेळ येईलच असं नाही. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा अर्ज, ऑनलाइन, कागदपत्रं स्कॅन करून चढवायची, कुणाच्या टेबलापुढे उभं राहायला नको. तरी छापील संच जवळ असू द्या. पेपरलेसमध्ये कागद लागत नाही, पण असलेला बरा, असं आमचा सीएचए, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणारा एजंट, म्हणतो. त्याच्या काखेतली फाइल दरवर्षी जाडच होतेय.

मग चाळीतला उन्हाळ कांदा निवडा, जाळीच्या गोण्या भरा आणि ट्रेलर रात्रीच न्हावा शेवा बंदराकडे काढा. कसारा घाटात अडकलात तर चिडू नका. ते तास कस्टम्सच्या हिशेबात धरत नाहीत.

फक्त एक पथ्य पाळा: शनिवारी मोबाइल बघू नका. १९ ऑगस्ट २०२३, वार शनिवार. कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, तेही त्याच दिवसापासून. ना अर्ज, ना सुनावणी, ना ‘उद्या या’. याहून जलद प्रक्रिया कुठं असेल तर दाखवा! ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर भावाची अट आली आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद. बंदी उठली ४ मे २०२४ला, पण शुल्क ठेवून. ते पुरतं जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तारीख बघून आमच्याकडे आधी कुणी विश्वासच ठेवला नाही.

एवढ्यात दुबईवाल्याचा फोन येईल, ‘भाईसाब, माल किधर है?’ त्याला खरं तेच सांगा: कागद मिनिटात पोचलेत, कांदा बंदरावर हवा खातोय. आणि कंटेनरचं दार उघडल्यावर गोणीतून हिरवे कोंब डोकावताना दिसले, तर पातीचं वेगळं शिपिंग बिल करता येतं का, तेवढं सीएचएला विचारून ठेवा.