मर्जर त्यांचं, वर्गणी आमची

आमच्याकडे टीव्ही लावायला हल्ली नुसता रिमोट पुरत नाही, ओटीपी लागतो. आणि तो ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईल नेमका घरात नसलेल्या माणसाकडे असतो, हा बहुतेक सगळ्या कंपन्यांनी बसून ठरवलेला नियम असावा. म्हणजे मी ऐरोलीहून ठाण्याच्या गाडीत कसाबसा चढलेलो, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात डब्याची पिशवी, आणि खिशात फोन वाजायला लागतो, कारण तिकडे कासारवडवलीत आमच्या हॉलमध्ये आईची सिरियल सुरू व्हायला आलीय आणि टीव्ही म्हणतोय तुम्ही साईन आऊट झाला आहात.

"अरे, चार आकडे आलेत का बघ."

"आई, सहा आलेत."

"इथे चौकोन चारच आहेत."

म्हणजे ते दुसरंच ॲप. मग दुसऱ्या ॲपचा मेसेज शोधायचा, तो बायकोच्या नंबरवर, बायको मीटिंगमध्ये. गाडीत शेजारचा माणूस माझ्याकडे संशयाने बघतोय, कारण ओटीपी कुणाला सांगू नका असं बँका वर्षानुवर्षं ओरडतायत आणि हा इसम भर डब्यात मोठ्याने आकडे वाचून दाखवतोय.

बरं, मी घरी असलो तरी फार फरक पडत नाही. रिमोटवरून पासवर्ड टाकणं हा प्रकार ज्याने शोधला त्याला एकदा घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला रिक्षा शोधायला लावली पाहिजे. स्क्रीनवर सगळी अक्षरं मांडलेली, आपण बाणाने एकेक घर सरकत जायचं. आमचा पासवर्ड मुलाने ठेवलाय, स्ट्राँग पाहिजे म्हणून, त्यात मध्येच एक कॅपिटल आणि एक डॉलरचं चिन्ह. डॉलर दुसऱ्या पानावर. तिकडे जायचं बटण खाली डाव्या कोपऱ्यात, परत यायचंही तिथेच, आणि बाबा मागून ट्रक रिव्हर्स घेताना क्लीनर सांगतो तसं "येऊ दे, येऊ दे, अजून, बस्स, बस्स... गेलास पुढे". एवढं करून शेवटी ओके ऐवजी बॅक दाबलं गेलं की पहिल्यापासून.

असो. मूळ दुखणं पैशाचं आहे. दोन कंपन्या एक झाल्या म्हणजे दोन बिलांचं एक बिल होणार, आणि एक बिल म्हणजे कमी बिल, हे आमच्या बाबांचं गणित, आणि बाबा बँकेतून रिटायर झालेत त्यामुळे घरात कुणी तपासलं नाही.

हॉटस्टार २०१५ ला आलं तेव्हा ते स्टारचं होतं. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा हिस्सा घेतला त्यात स्टारही गेलं, पुढच्या वर्षी नावाच्या पुढे डिस्ने प्लस लागलं, ते अर्थात आमच्याकडे कुणी उच्चारलं नाही. मग २०२२ चा आयपीएलचा लिलाव झाला आणि डिजिटल हक्क अंबानींच्या रिलायन्सच्या वायकॉम१८ ने २३,७५८ कोटींना उचलले. तेवीस हजार कोटी! आणि पुढच्याच वर्षी आख्खी आयपीएल त्यांच्याच जिओसिनेमा ॲपवर फुकट. बाबांनी सोसायटीच्या बाकावर बसून जाहीर केलं की आता पैसे भरून क्रिकेट बघणारा माणूस मूर्ख. मी म्हटलं बाबा, एवढे पैसे घातलेत तर कुणाकडून तरी वसूल करणारच ना ते. म्हणाले, "ते अंबानी बघतील."

अंबानींनी बघितलं. १४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्स आणि डिस्ने यांचा भारतातला टीव्ही आणि ओटीटीचा, म्हणजे नेटवरून सिनेमे-सिरियल दाखवणाऱ्या ॲपचा, धंदा एकत्र झाला, ७०,३५२ कोटींची एक कंपनी, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन ॲपचं मिळून जिओहॉटस्टार आलं. व्हॅलेंटाईन डेला. (मध्ये त्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, दिल्लीच्या एका डेव्हलपरने आधीच घेऊन ठेवलेलं निघालं, त्याला त्याबदल्यात केंब्रिजची फी पाहिजे होती, नंतर ते दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं. ही बातमी वाचल्यापासून आमचा मुलगा पुढे कुठल्या दोन कंपन्या एकत्र येतील याचे अंदाज बांधतोय, नववीचा अभ्यास सोडून.)

आणि मग फुकट संपलं. २०२५ ची आयपीएल थोडी मिनिटं बघायची, मग पैसे भरा अशी पाटी. तेव्हा प्लॅन तीन होते. एक फक्त मोबाईलवर बघायचा, तीन महिन्यांना १४९, एकच डिव्हाईस, दुसऱ्यात दोन, आणि सगळ्यात वरच्यात चार डिव्हाईस आणि जाहिराती नाहीत, फक्त लाईव्ह सोडून. बाबांनी विचारलं लाईव्ह म्हणजे काय. म्हटलं मॅच.

"मग मला काय उपयोग? मी मॅच सोडून बघतो काय?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

ह्या सगळ्यात दोन कंपन्यांना एकत्र यायला स्पर्धा आयोगाने मंजुरी देताना अटी घातल्या होत्या हे मी मुद्दाम वाचून काढलं, म्हटलं कुठेतरी आपला उल्लेख असेल. तर क्रिकेटच्या जाहिरातींचे टीव्हीचे आणि ओटीटीचे स्लॉट एकत्र बांधून विकणार नाही असं कंपन्यांनी लिहून दिलंय. म्हणजे साबण विकणाऱ्याची काळजी घेतली, साबण लावणाऱ्याचं कोण बघणार ते राहिलं.

बरं, एकत्र आले की महाग होतं म्हणावं तर तसंही नाही. झी आणि सोनी एकत्र येणार म्हणून दोन वर्षं गाजत होतं, २२ जानेवारी २०२४ ला सोनीने करार मोडला. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, म्हटलं चला, हे वेगळे राहिले म्हणजे स्पर्धा राहील, स्वस्ताई येईल. वेगळे राहिले आणि आम्ही दोघांची वर्गणी वेगवेगळी भरतोय, एवढीच ती स्वस्ताई.

मुलाच्या ड्रॅगनवाल्या सिरीजची गोष्ट तर ऐकाच. ती एचबीओ ह्या अमेरिकन चॅनेलची, आधी हॉटस्टारवर होती. ३१ मार्च २०२३ ला एचबीओचं सगळं तिथून उठलं. पुढे जिओसिनेमावर गेलं, त्याच्या प्रीमियमचे वर्षाला ९९९. नंतर जिओसिनेमाच हॉटस्टारमध्ये मिसळलं. म्हणजे ड्रॅगन जिथून उडाला होता तिथेच परत येऊन बसला, मधल्या मधे भाडं मात्र आपण दोन्हीकडे दिलं. आणि ज्यांची ती सिरीज त्यांचंच काय चाललंय बघा, अमेरिकेत त्या ॲपचं नाव आधी एचबीओ मॅक्स, २०२३ ला नुसतं मॅक्स, २०२५ ला परत एचबीओ मॅक्स. डिसेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने एचबीओसकट वॉर्नर ब्रदर्स ७२ अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं, तर तीनच दिवसांत पॅरामाऊंट ही दुसरी सिनेमा कंपनी पुढे आली, शेअरमागे ३० डॉलर रोख घेऊन. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तो सांगतो तिकडे नेटफ्लिक्सचा साधा प्लॅन २०२५ च्या सुरुवातीला १७.९९ डॉलरवर गेला. ऐकून मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

नेटफ्लिक्सबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी भारतात दर चक्क कमी केले, ४९९ चा बेसिक प्लॅन १९९ ला आणला. दर कमी झाल्याची बातमी वाचून बायको म्हणाली हे फेक असणार, फॉरवर्ड करू नकोस. आणि गंमत म्हणजे त्याच महिन्यात ॲमेझॉनची प्राईम ९९९ वरून १४९९ झाली. २०१६ ला सुरू झाली तेव्हा वर्षाला ४९९ होती ती. जून २०२५ पासून त्यांच्या व्हिडिओंत जाहिराती आल्या, नको असतील तर वर्षाला वेगळे ६९९. पार्सल लवकर येतं घरी हे मान्य, पण पाचशेच्या आतली वस्तू २,१९८ ला गेली आणि त्यातला एक भाग काहीतरी न दाखवण्याचा आहे. न दाखवण्याचे पैसे घेता येतात हे आपल्या नाटकवाल्यांना अजून सुचलेलं नाही, नाहीतर गडकरी रंगायतनला मध्यंतर नको असेल तर वेगळं तिकीट काढावं लागलं असतं.

खरी पंचाईत मात्र नातेवाईकांची झाली. आमच्या अकाउंटवर डोंबिवलीची आत्या आहे, नेरूळला मेहुणा आहे, आणि मेहुण्याचा एक रूममेट आहे ज्याला आम्ही कुणी कधी बघितलेलं नाही पण तो काय बघतो हे मात्र आम्हाला सगळं माहीत आहे. (रात्री दोनला खेकडे पकडण्याच्या डॉक्युमेंटरी. बायको म्हणते त्याचं लग्न झालं पाहिजे.) ह्याच नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये ट्विट केलं होतं की पासवर्ड शेअर करणं म्हणजे प्रेम. जुलै २०२३ ला भारतात सांगितलं की प्रेम एका घरापुरतं ठेवा, आणि घर म्हणजे कोण, तर एका वायफायवर राहणारी माणसं. आता आत्याने मला अंगाखांद्यावर खेळवलंय, माझ्या मुंजीत आख्ख्या मांडवाला तिने एकटीने वाढलंय, पण वायफाय वेगळं. हे तिला फोनवर कसं समजवायचं? मी प्रयत्न केला. ती म्हणाली, "असू दे हो बाळा, तुमचं तुम्ही बघा," आणि हे वाक्य मराठीत किती महाग पडतं ते ज्याला आत्या आहे त्यालाच कळेल.

आमचं आणखी एक ॲप आहे, नाव घेत नाही, त्यावर एका वेळी ठराविकच जण बघू शकतात. रविवारी रात्री मॅच रंगात आलेली आणि मेहुण्याचा फोन, "भाऊजी, कोण बघतंय हो? मला हाकलतोय." मग शोधमोहीम. आई नाही, मुलगा नाही, बाबा तर समोरच. आत्याला फोन, उचलत नाही. शेजारच्या काकूंना फोन केल्यावर कळलं की आत्या सिरियल लावून सोफ्यावर झोपलीय आणि सिरियलचे भाग एकामागून एक आपोआप पुढे चाललेत, सासूने सुनेला घराबाहेर काढलं, सून परत आली, हे सगळं बघायला कुणीच नाही. काकूंनी उठवेपर्यंत मेहुण्याची मॅच संपली होती.

शेवटी बायकोने सूत्रं हातात घेतली. तिचा नियम असा की एका महिन्यात एकच ॲप, त्या महिन्यात त्यावरचं जे काय बघायचं ते बघून घ्या, मग बंद, मग पुढचं. कागदावर एकदम फर्स्टक्लास. पण बंद करणं म्हणजे काय असतं ते करायला बसल्यावर कळतं. सुरू करायचं बटण केवढं मोठं, रंगीत, आईला चष्म्याशिवाय दिसतं. बंद करायचं शोधायला आधी अकाउंट, मग मेंबरशिप, मग मॅनेज, मग खाली खाली खाली करड्या रंगात बारीक अक्षरं. ती दाबली की विचारतात नक्की का? हो. मग तुम्ही काय काय गमावणार त्याची यादी. हो. मग कारण सांगा. बायकोने लिहिलं "महाग आहे". त्यावर वर्षाचा प्लॅन स्वस्त पडेल अशी ऑफर आली.

तिकडे ऑटोपेची तऱ्हा वेगळी. रिझर्व्ह बँकेचा नियम चांगला आहे, पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज यायलाच हवा. येतो. फक्त तो लोनवाले, प्लॉटवाले आणि "आपला वीजपुरवठा आज रात्री खंडित होईल" वाले यांच्या मधोमध येतो.

मला सगळ्यात जास्त काय बोचतं सांगू? घासाघीस करता येत नाही. आमचा केबलवाला पहिल्या तारखेला पावतीपुस्तक घेऊन दारात यायचा, त्याला बाबा आधी आत बसवायचे, मग मागच्या महिन्यात पाऊस असताना किती दिवस चित्र गेलं होतं ते काढायचे, आणि पन्नासेक रुपये तरी कमी करूनच पाठवायचे. २०१९ ला ट्रायचे, म्हणजे केबल-फोनवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवीन नियम आले, शंभर चॅनेलला १३० आणि वर जीएसटी, बाकीचे हवे ते निवडा, तेव्हासुद्धा बाबांनी त्याला चहा पाजून दोन चॅनेल सोडवून घेतले होते. ॲपला चहा कसा पाजणार? तिथे प्लॅन असतो आणि खाली "पुढे जा" असतं.

तर परवा तोच केबलवाला आला. आता केबलवाला म्हणायचं नाही, फायबर देतो तो, टी-शर्टवर लोगो वगैरे आहे. म्हणाला, काका, नेट आणि त्यात एवढे सगळे ओटीटी, एकच बिल, महिन्याला नऊशे. बाबा उठून बसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं बघितलं. म्हणाले, "नऊशे? पावसाळ्यात तुझी वायर तुटते त्याचं काय?" तो म्हणाला आता तुटत नाही. बाबा म्हणाले गणपतीत तुटली होती. आई आत चहा टाकायला गेली. साडेआठशे झालं, मग आठशे, मग "काका, आता ह्याच्या खाली मला परवडत नाही, आईशप्पथ". बाबांनी सातशे पंच्याहत्तरवर हात मिळवला, सही केली आणि तो बाहेर चपला घालत असताना सहज विचारलं, "क्रिकेट आहे ना रे त्यात सगळं?"

"सगळं आहे काका," तो म्हणाला, "फक्त लाईव्ह सोडून."